डबाबंद सोवळे

जुन्या मोटरसायकली पुन्हा उभ्या करणाऱ्यांच्या वर्तुळात एक कडक सोवळे पाळले जाते. गाडीवरचा प्रत्येक भाग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि जमल्यास त्याच सालचा हवा. तो एकतर कारखान्यातून निघून कधीच न वापरलेला, तेलकट कागदात गुंडाळून डब्यात पडून राहिलेला असावा, नाहीतर तशाच दुसऱ्या गाडीवरून उतरवलेला असावा. लेथवर करून घेतलेला, दुसऱ्या गाडीचा छाटून बसवलेला किंवा कुणी नव्याने ओतलेला भाग सापडला की गाडी बाटली. मग रॅलीत परीक्षक गुण कापतात आणि विक्रीच्या वेळी गिऱ्हाईक नाक मुरडते. भाग मिळतच नसेल तर मालकाने थांबावे, वर्षानुवर्षे थांबावे. गाडी चादरीखाली उभी राहिली तरी हरकत नाही, तिच्या अंगाला परका धातू लागता कामा नये. हे मत अव्यवहार्य आहे अशी तक्रार नेहमीच होते, आणि शुद्धतावादी तिला सहज उत्तर देतात की सगळ्यांना परवडावे असा हा छंदच नाही. माझा आक्षेप निराळा आहे. पैसा, वेळ आणि भाग हे तिन्ही मुबलक असते तरीही हा नियम चुकीचाच ठरला असता, कारण जे जपण्यासाठी तो केला गेला त्याचेच तो नुकसान करतो.

आधी त्यांची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवी, कारण ती केवळ हट्टातून आलेली नाही. जुने यंत्र हा एक दस्तऐवज असतो. ओतकामाचा पोत, निकेलच्या मुलाम्याचा रंग, नटावरची कारखान्याची खूण, वायरींवरच्या कापडी वेष्टनाची वीण यांतून त्या काळाचे कारखाने, पोलाद आणि कारागीर कळतात. भाग बदलला की त्या दस्तऐवजातली एक ओळ पुसली जाते. आपल्याकडे तर अशा ओळी सर्रास पुसल्या गेल्या. येझदीवर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा हेडलाइट, बुलेटवर कुठलेही हँडल, राजदूतवर भलतेच मडगार्ड, आणि वर काळ्या रंगाचे जाड थर. 'चालतेय ना, मग झाले' या वृत्तीने किती गाड्यांची ओळख घालवली हे भंगार बाजारात पाहिले की शुद्धतावाद्यांची चीड समजते. त्यांचे निदान बरोबर आहे. औषध मात्र रोगापेक्षा भारी आहे.

'मूळ भाग' म्हणून जे डोळ्यांपुढे आणले जाते, ते बहुतेक यंत्रांच्या बाबतीत कधी एका जागी, एका स्वरूपात अस्तित्वातच नव्हते. म्हैसूरच्या आयडियल जावाचेच पाहा. १९६० साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९६१ पासून झेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्याने २५० सीसीच्या गाड्या काढल्या. सुरुवातीला झेक भाग आणून जुळणी होई, पुढे एकेक भाग इथे बनू लागला, सत्तरच्या दशकात टाकीवरचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. या साडेतीन दशकांत तोच भाग कधी झेक बनावटीचा, कधी भारतीय पुरवठादाराचा, तर कधी त्याच पुरवठादाराच्या सुधारलेल्या नमुन्याचा होता. राजदूत ३५० ची कथा याहून बोलकी आहे. यामाहाची आरडी ३५० बी एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये भारतात आणली तेव्हा तिचा पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवला गेला, मूळची ३९ अश्वशक्ती साडेतीसवर आणली गेली आणि नंतरच्या 'लो टॉर्क' गाड्यांत ती २७ वर आली. म्हणजे कारखान्यानेच केलेली ही जुळवाजुळव होती. आज त्या ड्रम ब्रेकच्या अस्सल भागासाठी जीव टाकणारा संग्राहक चाळीस वर्षांपूर्वीच्या तडजोडीचीच पूजा करत असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग तडजोड या शब्दालाच विटाळ मानता येत नाही.

शिवाय मोटरसायकलचा कारखाना गाडीतले सगळे भाग स्वतः घडवत नसे. इंग्लिश गाड्यांचे कार्ब्युरेटर अमलचे, मॅग्नेटो आणि डायनॅमो लुकासचे, साखळी रेनॉल्डची, प्लग चॅम्पियनचा किंवा लॉजचा. मेट्रिक बेअरिंग तर जगभर एकाच मापपद्धतीने चालते: ज्या बेअरिंगवर ६२०५ हा आकडा आहे त्याचे आतले माप २५ मिमी, बाहेरचे ५२ आणि रुंदी १५, मग ते कुठल्याही देशात बनलेले असो. अशा बेअरिंगसाठी त्या वेळच्या डब्याचा शोध घेणाऱ्याला नेमके काय वाचवायचे आहे? त्या बेअरिंगचा ग्रीस डब्यातच घट्ट होऊन गेलेला असतो आणि दमट हवेत चेंडूंवर गंजाचे बारीक ठिपके पडलेले असतात. कारखान्याने ते बेअरिंग बाजारातून घेतले होते. आपणही बाजारातूनच घेतो.

न वापरलेला जुना भाग म्हणजे नवा भाग, हा समज या सोवळ्याच्या मुळाशी आहे. पोलादाच्या गिअरबाबत तो पुष्कळसा खरा आहे. रबर, कागद आणि विजेच्या भागांबाबत तो धोकादायक आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हवाबंद असावी लागते, आणि ती हवाबंद ठेवण्याचे काम क्रँकच्या दोन टोकांचे ऑइल सील करतात. चाळीस-पन्नास वर्षे डब्यात पडलेला सील हाताला शाबूत लागतो, पण त्याची कड ताठरलेली असते. इंजिन तापले की ती शाफ्टला धरत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. अस्सल सीलपायी अस्सल सिलिंडर जातो, असा हा हिशेब. लुकासच्या मॅग्नेटोतला कंडेन्सरही असाच दगा देतो: त्याचे आतले वेष्टन वयाने खराब होते, गाडी थंड असताना एका किकमध्ये सुरू होते आणि तापली की काही केल्या होत नाही. त्या जागी आजच्या काळातला छोटा कपॅसिटर आत बसवला तर बाहेरून कणभर फरक दिसत नाही आणि मॅग्नेटो पुन्हा मॅग्नेटोचे काम करू लागतो. मग इंधनाचे घ्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९६५ सालच्या रबरी नळीला आणि कॉकच्या बुचाला ते माहीतच नव्हते. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले; ते शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला जे संरक्षण देत होते ते गेले, म्हणून जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनांत कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात. आणि ब्रेकच्या त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. डब्यातला अस्सल ब्रेक शू घासून बसवताना उडणारी पूड फुप्फुसात जाते. तिथे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने तो शू स्वतःच्या हाताने घासावा, मेकॅनिकच्या नव्हे.

दुसऱ्या गाडीवरून भाग काढण्याचा मार्ग तर मला सर्वांत खटकतो, आणि सर्वांत प्रतिष्ठा त्यालाच आहे. एक गाडी शंभर टक्के अस्सल करण्यासाठी दुसरी, कधी तिसरी गाडी मोडली जाते. मोडली जाणारी गाडी बहुधा भंगारात निघालेली नसतेच. तालुक्याच्या गावात अजून दुधाचे कॅन वाहणारी, थोडी वाकलेली पण पूर्ण अशी येझदी असते. तिची टाकी, हेडलाइटचा डोम, अवजारांची पेटी काढून घेतली की उरलेला सांगाडा वजनावर जातो. पुण्याची नाना पेठ असो, चेन्नईचे पुदुपेट असो की दिल्लीचे मायापुरी, ही साखळी सगळीकडे सारखीच चालते. दस्तऐवज जपण्याच्या नावाखाली एका दस्तऐवजाची पाने फाडून दुसऱ्याला चिकटवायची आणि त्याला मूळ प्रत म्हणायचे, असा हा प्रकार आहे. त्या जागी एका चांगल्या टर्नरने बनवलेला बुश किंवा पत्रेकाराने ठोकून दिलेली पेटी वापरली असती तर दोन्ही गाड्या राहिल्या असत्या. आणि मागणी वाढली की नकली डबेही येतात: जुन्या छपाईचे खोके, मुद्दाम पिवळा केलेला कागद, आत गेल्या वर्षी बनवलेला भाग. जो नियम फक्त डब्याकडे पाहतो तो डब्याकडूनच फसतो.

शुद्धतावादी अशा वेळी आंतरराष्ट्रीय प्रघाताकडे बोट दाखवतात. तो प्रघात वाचून पाहावा. स्मारकांच्या जतनासाठीची १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की हरवलेल्या भागाची जागा घेणारा नवा भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, आणि त्याच वेळी तो मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा, म्हणजे जीर्णोद्धाराने पुराव्याचा विपर्यास होणार नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिव्हाची, ट्यूरिन सनद याच विचारातून आली. आवश्यक बदल कमीत कमी असावेत, शक्यतो उलटवता येतील असे असावेत, काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत, नव्या भागांवर न खुपणारी पण कायमची खूण असावी आणि कामाची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. तिथे नव्या भागाला बंदी नाही. त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा आहे. आपल्याकडचे सोवळे मात्र ज्याने सांगितले त्याला दंड करते आणि ज्याने लपवले त्याला बक्षीस देते.

आता हरकतींकडे येतो. पहिली आणि सर्वांत वजनदार हरकत सुरक्षिततेची. जुळवलेला भाग तुटला तर माणूस जातो, असे म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच जुळवाजुळव हे मोजमापाचे काम आहे असा माझा आग्रह आहे. टू-स्ट्रोकचा पिस्टन घ्या. जावा २५० चा बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. ६५ मिमीचा दुसऱ्या गाडीचा पिस्टन मिळाला म्हणून काम झाले असे नाही. पिनचा व्यास जुळायला हवा. थोडा फरक असेल तर कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाला फॉस्फर ब्राँझचा बुश करून तो भरता येतो. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची जुळायला हवी. ती जास्त झाली तर माथा हेडला भिडेल आणि कमी झाली तर एक्झॉस्टचे पोर्ट लवकर उघडून दाब जाईल. पिस्टनच्या खालच्या घेराची लांबी सर्वांत फसवी, कारण या इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे दार पिस्टनची खालची कड उघडते. घेर दोन मिमी आखूड असला की ते दार आधी उघडते आणि उशिरा बंद होते. कमी वेगात मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलटे बाहेर फेकले जाते आणि मालक महिनोन्महिने जेट बदलत बसतो. उरली रिंगची खुंटी. रिंगचे तोंड पोर्टच्या खिडकीसमोर आले तर टोक बाहेर उसळून कडेत अडकते, रिंग तुटते आणि सिलिंडरवर चर पडतात. ही चार मापे व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने तपासून बसवलेला पिस्टन आणि 'बसला की' म्हणून बसवलेला पिस्टन यांना एकाच पंगतीत बसवणे हा शुद्धतावाद्यांचा मोठा दोष आहे. त्यांच्या वहीत दोन्हींपुढे एकच शेरा पडतो: 'ओरिजिनल नाही'.

आट्यांचेही तसेच. जुन्या इंग्लिश गाड्यांवर सायकलचे म्हणून ओळखले जाणारे बारीक आटे असतात, इंचाला २६. अशा पाच-सोळांश इंचाच्या स्टडवर, म्हणजे ७.९४ मिमीच्या, ८ मिमीचा एक मिमी पिचचा नट चढतो. दोन्हींचा कोन ६० अंशांचाच, आणि इंचाला आटे २५.४ विरुद्ध २६. हाताने फिरतो, पान्याने आवळलाही जातो. पण पिचमधल्या फरकामुळे सगळा भार मोजक्या आट्यांवर येतो आणि काही शे किलोमीटरच्या थरथराटानंतर तो नट रस्त्यावर पडतो. अशा जुळवणीला माझा कडाडून विरोध आहे. योग्य टॅप-डाय आणून तोच आटा नव्या धातूत काढणे हे मात्र अनुरूप काम आहे, त्या नटावर बर्मिंगहॅमची खूण नसली तरी. पोलादाचा विषय आणखी नाजूक. चाकाचा स्पिंडल किंवा फोर्कचा भाग साध्या माइल्ड स्टीलचा केला तर तो पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाकतो. तिथे ईएन-२४ सारखे पोलाद आणि त्यावरची उष्णता-प्रक्रिया लागते. किकच्या शाफ्टला वरून कठीण आणि आतून चिवट असे पोलाद हवे, नाहीतर दाते पिळवटतात. अशा जागी मूळ भाग मिळत असेल तर तोच घ्यावा, मिळत नसेल तर धातूची आणि कडकपणाची खात्री करून देणाऱ्याकडेच काम द्यावे, आणि तेही जमत नसेल तर गाडी उभी ठेवावी. इथे शुद्धतावादी आणि मी एकाच बाजूला आहोत, कारणे वेगळी असली तरी. त्यांना खूण हवी, मला ताकद हवी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीच्या एखाद्या गाळ्यात हे काम अंगवळणी पडलेली माणसे आहेत. ऑइल इंजिनांच्या आणि पंपांच्या कामावर हात बसलेल्या ओतारी-टर्नरांना लायनर ओतणे, बोअर करणे, होनिंगने त्यावर तेल धरणारी आडवी-तिरपी रेघ आणणे यांत नवल वाटत नाही. त्यांना नमुना आणि माप द्यावे लागते, एवढेच. उलट शुद्धतावादी मालक त्यांच्या दारी जातच नाही, आणि ही पिढी हात थांबवेल तेव्हा डब्यातले भागही संपलेले असतील. (त्या दिवशी हीच मंडळी 'कारागीर उरले नाहीत' म्हणून हळहळणार, हेही सांगून ठेवतो.)

दुसरी हरकत अशी की जुळवलेल्या भागाने गाडीचे राष्ट्रीयत्वच बदलते. याला बुलेटचे उदाहरण पुरेसे आहे. १९५५ मध्ये मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. इंग्लंडमधले रॉयल एनफिल्डचे उत्पादन १९७० पर्यंत संपले, पण ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचे ते ३४६ सीसीचे इंजिन तमिळनाडूत पुढे कित्येक दशके बनत राहिले आणि १९७७ पासून गाड्या इंग्लंडलाही जाऊ लागल्या. परिणाम असा की रेडिचच्या, म्हणजे इंग्लंडमध्येच बनलेल्या, जुन्या बुलेटी जिवंत ठेवताना इंग्लिश मालक मद्रासचे भाग वापरत आले, जिथे माप किंवा आटा वेगळा तिथे बदल करून. लॅम्ब्रेटा स्कूटरबाबतही असेच घडले; मिलानचा कारखाना थांबल्यावर लखनौहून निघालेले भाग युरोपातल्या स्कूटरींत गेले. परक्या देशाचा धातू लागल्याने त्या गाड्या इंग्लिश किंवा इटालियन राहिल्या नाहीत, असे तिथे कुणी गंभीरपणे म्हणत नाही. आपण मात्र म्हैसूरच्या जावावर आजच्या झेक कारागिराने बनवलेला भाग दिसला तरी कपाळाला आठ्या घालतो, जणू ती गाडी झेक नकाशांवरून बनलीच नव्हती.

कायद्याचा दाखलाही दिला जातो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मज्जाव करतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकीला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो; अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. या अटीत मला माझ्याच म्हणण्याला आधार दिसतो. नियमाचा कटाक्ष स्वरूप बदलण्यावर आहे. त्याच मापाचा लायनर, त्याच मापाचे बेअरिंग, मूळ रेग्युलेटरच्या डब्यात लपलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट यांनी स्वरूप बदलत नाही. फ्रेमचा लग कापणे, क्रँककेसला नवी भोके पाडणे, क्रमांक असलेला धातू घासणे यांनी बदलते, आणि ते मीही निषिद्ध मानतो.

एकदा दार किलकिले केले की लोक जावाची कॅफे रेसर करून मोकळे होतील, ही भीती राहते. होतीलच, आजही होतातच, शुद्धतावाद्यांना न विचारता. पण सीमा आखणे अवघड नाही. पुढच्या मालकाला नुसत्या पान्यांनी, कापाकापी किंवा वेल्डिंग न करता, तो बदल उलटवता येतो का? काढलेला भाग खोक्यात शिल्लक आहे का? आणि गाडी ज्यामुळे ती गाडी आहे ते राहिले का? जावाच्या बाबतीत किक मारून तीच दांडी गिअरसाठी वळवायची ती रचना, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, झाकलेली साखळी यांना हात लावला की जावा गेली. कार्ब्युरेटरचे तसे नाही. झिजून गेलेल्या जिकॉव्हच्या जागी अडॅप्टर करून मिकुनी बसवला आणि जिकॉव्ह जपून ठेवला, तर गाडी रस्त्यावर येते आणि दुरुस्तीची शक्यताही उरते. अशा गाडीची किंमत कमी येते हे खरे. ती येऊ द्यावी. गाडी कशासाठी ठेवली आहे यावर ते अवलंबून आहे, आणि फक्त विकण्यासाठी ठेवली असेल तर जतनाचा युक्तिवाद तरी पुढे करू नये.

परीक्षकांकडे मागणी एवढीच की गुणपत्रिकेत 'अस्सल भाग' या रकान्याऐवजी मालकाची सही असलेली यादी मागावी: कोणता भाग बदलला, कशाने, कोणत्या धातूचा, मूळ भाग कुठे आहे. बदलल्याचे गुण कापू नयेत, न सांगितल्याचे कापावेत, आणि वाईट कामाचे तर दुप्पट. यावर शेवटची हरकत तयारच आहे, की लोक यादीत खोटे लिहितील. लिहितील काही जण. आज ते तोंडी खोटे बोलतात आणि परीक्षकाला मडगार्डच्या आतली बाजू नखाने खरवडून तर्क करावा लागतो. लेखी यादी असली की बेअरिंगवरचा आकडा, सिलिंडरचा ओव्हरसाइझ, पिस्टनच्या माथ्यावरची खूण यांच्याशी ती ताडून पाहता येते, आणि वीस वर्षांनी तीच गाडी उघडणाऱ्या मेकॅनिकला आत कुठल्या मापाचा पिस्टन आहे हे उघडण्याआधीच कळते.